राजीखुशीने पत्करलेला धोका

सम्राट जस्टिनियनने इ. स. ५३३ मध्ये रोमन कायद्याचा जो महासंग्रह प्रसिद्ध केला, त्याच्या नवव्या पुस्तकात एका न्हाव्याची हकीगत आहे. काही मंडळी चेंडू खेळत होती. त्यांतील एकाने चेंडू जोराने टोलवला. तो जवळच दाढी करीत असलेल्या न्हाव्याच्या हातावर आदळला आणि वस्तऱ्याने समोर बसलेल्या गुलामाचा गळा कापला गेला. दोष कोणाचा? प्रोक्युलस नावाच्या विधिज्ञाचे मत पडले की दोष न्हाव्याचा, कारण जेथे नेहमी चेंडू खेळतात किंवा रहदारी असते तेथे त्याने दुकान मांडावयास नको होते. परंतु त्याला लागूनच एक वाक्य येते: जो मनुष्य धोक्याच्या जागी खुर्ची मांडणाऱ्या न्हाव्याच्या हाती आपली मान देतो, त्याने तक्रार करावयाची ती स्वतःविरुद्धच.

मैदानाच्या कडेला झाडाच्या बुंध्यावर आरसा टांगून बसणारे न्हावी आमच्या पिढीने पाहिले आहेत. तेव्हा दृश्य परके नाही. पण या शेवटच्या वाक्याने पुढे दोन हजार मैलांच्या आणि तेराशे वर्षांच्या अंतरावर जे रूप धारण केले, ते पाहिल्यावर आम्हाला त्या न्हाव्यापेक्षा त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचीच चिंता अधिक वाटू लागली. तो तेथे बसला कसा? गुलामाला धन्याने पाठविले म्हणून तो बसला असेल. त्याला दुसऱ्या न्हाव्याकडे जाता आले असते काय? हा प्रश्न त्या ग्रंथात विचारलेला नाही. इंग्लंडातील न्यायालयांनी तो विचारावयास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली, आणि आपल्याकडे त्याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात उतरावयास १९३८ साल उजाडले.

वकीलमंडळींच्या तोंडी असलेले लॅटिन सूत्र 'वोलेन्टी नॉन फिट इन्ज्युरिया' असे आहे. जो राजी आहे त्याच्यावर अन्याय होत नाही, असा त्याचा अर्थ. आपल्या जुन्या खतपत्रांतील 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले' या शब्दांची येथे आठवण व्हावी. या सूत्राचे मूळही त्याच महासंग्रहात, सत्तेचाळिसाव्या पुस्तकात, उल्पियन या विधिज्ञाच्या वचनात सापडते. तेथील प्रसंग मात्र फारसा कोणी सांगत नाही. एखाद्याने दुसऱ्याच्या मुलाला, त्या मुलाच्याच संमतीने, गुलाम म्हणून विकले, तर काय? उल्पियन म्हणतो, बापाचा अपमान झाला म्हणून बाप स्वतःच्या नावाने दावा लावू शकतो, मुलाच्या नावाने मात्र नाही, कारण मुलगा राजी होता आणि राजी असणाऱ्यावर अन्याय होत नाही. ज्या सूत्राच्या बळावर पुढे शंभर वर्षे खाणीतल्या व रेल्वेतल्या मजुरांचे दावे फेटाळले गेले, त्याचा जन्म माणसाच्या विक्रीच्या व्यवहारात झाला, हे विसरण्याजोगे नाही.

आता आपण इंग्लंडात येऊ. १८३५ साली लिंकनशायर परगण्यात टॉमस फाउलर नावाच्या खाटकाकडे चार्ल्स प्रीस्टली हा नोकर होता. धन्याच्या हुकमावरून तो मांस लादलेल्या गाडीतून निघाला. गाडीवर बोजा बेसुमार होता. ती मोडली आणि प्रीस्टलीच्या मांडीचे हाड मोडले. त्याने धन्यावर दावा लावला. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. एका खाटकाच्या नोकराच्या दृष्टीने ही रक्कम लहान नव्हती. धनी वरच्या न्यायालयात गेला आणि १८३७ साली लॉर्ड ॲबिंजर यांनी निकाल फिरवला.

त्यांच्या निकालपत्रातील कारणमीमांसा आज वाचताना हसू येते, आणि मागाहून ते हसू ओसरते. त्यांना भीती वाटली ती अशी: हा दावा मान्य केला तर उद्या मोलकरणीने ओलसर अंथरूण घातले म्हणून नोकर धन्यावर दावा लावील, स्वयंपाकिणीने तांब्याची भांडी नीट घासली नाहीत म्हणून लावील, खाटकाने वाईट मांस दिले म्हणून लावील, गवंड्याने घराचा पाया कच्चा घातला म्हणून लावील. मग पुढचे मुख्य वाक्य येते: गाडी पुरेशी मजबूत आहे की नाही हे धन्याइतकेच, किंबहुना धन्यापेक्षा अधिक, नोकराला ठाऊक असते, ज्या कामात इजा होईल असे वाटते ते काम करण्याचे त्याच्यावर बंधन नाही, तो नाही म्हणू शकतो. प्रीस्टली नाही म्हणाला नव्हता. म्हणून तो राजी होता.

एका खाटकाच्या गाडीवरून निघालेल्या या निकालाचे दोन फाटे फुटले. पहिला फाटा म्हणजे धोक्याच्या स्वीकाराचा: मजुराला धोका ठाऊक होता व तो कामावर राहिला, म्हणजे त्याने धोका पत्करला. दुसरा फाटा सामायिक नोकरीचा: एका धन्याच्या दोन नोकरांपैकी एकाच्या हलगर्जीने दुसरा जखमी झाला, तर धनी जबाबदार नाही, कारण सोबत्याच्या हलगर्जीचा धोकाही मजुराने नोकरी पत्करतानाच पत्करलेला असतो. दोन्ही फाटे एकाच खोडाचे आहेत. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाला धन्याच्या गाडीने उडवले तर धनी भरपाई देणार. आणि त्याच गाडीवरचा त्याचा स्वतःचा माणूस मेला तर देणार नाही, अशी ही व्यवस्था होती.

प्रीस्टलीचा निकाल लागला त्याच १८३७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात निकोलस फार्वेल नावाच्या रेल्वे इंजिनचालकाचा उजवा हात चाकाखाली गेला. सांधेवाल्याने सांधा चुकीचा ठेवला होता व गाडी रुळावरून घसरली होती. १८४२ साली त्याचा दावा मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी फेटाळला. शॉ हे मोठे न्यायाधीश होते यात वाद नाही. (कादंबरीकार हर्मन मेलव्हिल हे पुढे त्यांचे जावई झाले.) त्यांनी ॲबिंजरसारखी ओल्या अंथरुणाची भीती दाखविली नाही, त्यांनी अर्थशास्त्र सांगितले. इंजिनचालकाला दिवसाला दोन डॉलर मिळत होते. साध्या यांत्रिकापेक्षा हे वेतन जास्त, आणि ते जास्त आहे ते धोक्यासाठीच. म्हणजे हाताची किंमत पगारात आधीच चुकती झाली. हा युक्तिवाद आजही कोठे कोठे ऐकू येतो, म्हणून तो नीट लक्षात ठेवावा. त्यातील खोट अशी की पगार ठरतो तो मनुष्यबळाच्या उपलब्धतेवर, धोक्यावर नव्हे. खाणीच्या तळाशी सर्वांत जास्त धोका होता म्हणून तेथे सर्वांत जास्त पगार मिळत होता, असे जगात कोठेही झालेले नाही.

पुढील पन्नास वर्षांत रेल्वे आली, खाणी खोल गेल्या, कापडगिरण्या वाढल्या. १८५० साली दोन आगगाड्यांच्या टकरीत मेलेल्या रेल्वे नोकराच्या खटल्यात इंग्लिश न्यायालयाने सामायिक नोकरीचा सिद्धान्त पक्का केला. स्कॉटलंडमधील न्यायालये हा नियम मानीत नव्हती. तेव्हा १८५८ मध्ये बार्टन्सहिल कोळसा कंपनीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो तेथेही लागू केला. खाणीतून माणसे वर आणणारा पाळणा इंजिनवाल्याने वेळेवर थांबविला नाही, माणसे मेली, आणि इंजिनवाला व मेलेले खाणकामगार हे एकाच धन्याचे चाकर ठरले. तो खाणीच्या तोंडाशी, ते तळाशी. एकमेकांना पाहण्याचाही प्रश्न नव्हता. तथापि कायद्याच्या दृष्टीने ते सोबती होते आणि सोबत्याच्या चुकीला ते राजी होते.

१८८० साली पार्लमेंटने मालकांच्या जबाबदारीचा कायदा केला. रेल्वेतील सिग्नल, सांधे व इंजिन यांवरील माणसांच्या हलगर्जीबद्दल मजुराला दावा लावता येऊ लागला. भरपाईला तीन वर्षांच्या मिळकतीची मर्यादा होती. पण दोनच वर्षांत न्यायालयाने ठरविले की मजुराने करार करून हा हक्क सोडून दिला तर तो करार चालेल. अनेक मालकांनी लगेच तसे करार करून घेतले. राजीखुशीचा कागद पुन्हा हजर!

खरी लढाई झाली ती १८८७ ते १८९१ या चार वर्षांत, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. १८८७ साली टॉमस नावाच्या बिअरच्या कारखान्यातील मजुराचा खटला आला. एका खोलीत उकळत्या रसाचे एक पिंप व निवविण्याचे एक पिंप होते, आणि दोहोंमधून जेमतेम तीन फुटांची वाट. पिंपाखाली अडकलेली फळी त्याने ओढली, ती एकदम निघाली, तो मागे कलला आणि दुसऱ्या पिंपात पडून भाजला. लॉर्ड जस्टिस बोवेन हे बुद्धिमान न्यायाधीश. त्यांनी एक बारकावा दाखविला, जो पुढे फार उपयोगी पडला: सूत्र जाणणाऱ्याविषयी नाही, राजी असणाऱ्याविषयी आहे. धोका ठाऊक असणे वेगळे आणि धोका पत्करणे वेगळे. एवढे सांगूनही त्यांनी टॉमसचा दावा मात्र फेटाळलाच, कारण त्यांच्या मते येथे ज्ञान इतके पूर्ण होते की त्यातून संमती दिसते. लॉर्ड ईशर यांनी भिन्न मत दिले.

त्याच वर्षी यारमथ नावाच्या गाडीवानाचा खटला आला. घोडा खोडकर होता. गाडीवानाने मुकादमाला अनेकदा सांगितले की हा घोडा हाकण्यालायक नाही. उत्तर मिळाले की हाकत राहा, काही झाले तर मालक पाहून घेईल. घोड्याने लाथ मारली, पाय मोडला, आणि मालकाने काय पाहून घेतले? तर वकील दिला व म्हणविले की गाडीवानाला घोड्याची खोड माहीत होती. या वेळी न्यायालयाचे बहुमत मजुराच्या बाजूने झाले. तक्रार करून, नाइलाजाने, पोटासाठी जो काम करीत राहतो तो राजी असतो असे आपोआप मानता येणार नाही, एवढी गोष्ट इंग्लिश न्यायमूर्तींच्या तोंडून तेथे प्रथम ठासून निघाली.

आणि मग १८९१ मध्ये स्मिथ विरुद्ध बेकर हा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. स्मिथ हा रेल्वेच्या कंत्राटदाराकडे कातळात सुरुंगाची भोके पाडण्याच्या कामावर होता. तो पहार धरी, दुसरे घण घालीत. जवळच एक यारी दगड उचलून माणसांच्या डोक्यावरून फिरवीत असे. दगड येतो आहे असा इशारा देण्याची व्यवस्था नव्हती. पहार धरणाऱ्याची नजर भोकावर. वर पाहावे तर हातावर घण पडायचा. एके दिवशी दगड सुटला. स्मिथला धोका ठाऊक होता हे त्याने स्वतःच कबूल केले होते. खालच्या न्यायालयातील ज्यूरीने त्याला भरपाई दिली, मधल्या न्यायालयाने काढून घेतली, लॉर्ड्सनी बहुमताने परत दिली. त्यांनी ठरविले ते असे: दगड डोक्यावरून जातात हे माहीत असूनही काम करीत राहणे म्हणजे दगड डोक्यावर पडण्यास संमती देणे नव्हे. संमती होती की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे; तो सिद्ध करण्याचे ओझे मालकावर आहे, आणि केवळ नोकरी न सोडण्यावरून तो सिद्ध होत नाही.

लॉर्ड ब्रॅमवेल यांनी एकट्याने विरुद्ध मत दिले. त्यांच्या दृष्टीने स्मिथने मजुरी व धोका यांचा सौदा केला होता, आणि सौद्यात भरपाई धरली नव्हती, मग आता मागण्याचे कारण नाही. हे गृहस्थ निर्दय नव्हते. ते मालमत्तेच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी स्थापन झालेल्या एका संस्थेतील अग्रणी होते आणि मनुष्यमात्र आपला सौदा स्वतः करण्यास समर्थ आहे, असे प्रामाणिकपणे मानीत. मजुराला सज्ञान समजण्याचा मान त्यांनी दिला, एवढे त्यांच्या बाजूने बोलले पाहिजे. फक्त हा मान फुकट होता. त्यासाठी मजुराला पाय किंवा डोके मोजावे लागे.

१८९७ साली जोसेफ चेंबरलेन यांच्या पुढाकाराने कामगार नुकसानभरपाईचा कायदा इंग्लंडात झाला आणि वादाची जागाच बदलली. जर्मनीत बिस्मार्कने १८८४ मध्ये अपघात विमा आणून हीच वाट आधी दाखविली होती. रेल्वे, कारखाने, खाणी अशा कामांत अपघात झाला की चूक कोणाची हे न विचारता निम्मी मजुरी, आठवड्याला जास्तीत जास्त एक पौंड. रक्कम थोडी, पण वकिलाच्या जिभेवर अवलंबून नसलेली. सामायिक नोकरीचा सिद्धान्त मात्र इंग्लंडात १९४८ पर्यंत जिवंत राहिला. खाटकाच्या गाडीपासून मोजले तर एकशे अकरा वर्षे.

अमेरिका याबाबतीत मागे राहिली. १९०० साली मॅसॅच्युसेट्समध्येच कुऱ्हाडीच्या कारखान्यातील रंगाऱ्याचा खटला झाला. रंगविलेल्या कुऱ्हाडी वाळविण्यासाठी त्याच्या डोक्यावर नवी घडवंची बसविली होती. कुऱ्हाडी घसरून पडतील अशी तक्रार त्याने केली. त्याला सांगण्यात आले की हीच घडवंची वापरायची, नाहीतर काम सोडायचे. तो राहिला; कुऱ्हाड पडली. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांच्यासारख्या नावाजलेल्या न्यायाधीशाने निकाल दिला की तो राहिला म्हणजे त्याने धोका पत्करला, आणि नोकरी जाईल ही भीती राहण्यामागे होती म्हणून त्या पत्करण्याला बाध येत नाही. स्मिथचा निकाल नऊ वर्षांपूर्वीच इंग्लंडात लागलेला होता! २४ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने राज्याचा कामगार भरपाई कायदा घटनाबाह्य ठरविला. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. दोन वर्षांनी राज्याची घटनाच दुरुस्त करावी लागली. आंतरराज्य रेल्वेच्या नोकरांपुरता धोका पत्करल्याचा बचाव अमेरिकन काँग्रेसने १९३९ मध्ये पुरता काढून टाकला.

आता आपल्या देशाकडे वळू. अपघाती मृत्यूबद्दल कुटुंबीयांना दावा लावण्याचा हक्क देणारा कायदा येथे १८५५ सालीच झाला होता. त्याच्या पुढच्याच वर्षी बोरघाटातून लोहमार्ग नेण्याचे काम सुरू झाले. तेथील एक कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे आल्यावर थोड्याच काळात वारला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, कंत्राट पुढे चालविले, ही हकीगत अनेकांनी वाचली असेल. त्या घाटात रोगराईने व अपघातांनी हजारो मजूर मेले. १८६३ मध्ये घाट खुला झाला.

अपकृत्यांचा लिखित कायदा आपल्याकडे नव्हता. न्याय, समता व सदसद्विवेकबुद्धी यांना धरून निर्णय द्यावा असा दंडक होता, आणि प्रिव्ही कौन्सिलने १८८७ मध्ये त्याचा अर्थ सांगितला की भारतीय समाजाला व परिस्थितीला लागू पडतील असे इंग्लिश कायद्याचे नियम. मग प्रश्न उभा राहिला: प्रीस्टलीच्या गाडीतून निघालेला नियम आपल्या सदसद्विवेकबुद्धीत बसतो काय?

याचे सर्वांत स्वच्छ उत्तर नागपूरच्या उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये दिले. आम्हा मध्यप्रदेशवासी मराठी मंडळींना या न्यायालयाविषयी विशेष आपुलकी असणे साहजिक आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच आमची राजधानी, आणि तेथील निवाडे पुढे जबलपूरला वारशाने आले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत असताना सोबतच्या नोकराच्या हलगर्जीने मेलेल्या माणसाच्या विधवेचा, रुख्मिणीबाईंचा, हा दावा होता. सरकारतर्फे सामायिक नोकरीचा बचाव पुढे आला. मुख्य न्यायाधीश सर गिल्बर्ट स्टोन यांनी तो मानला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आज न्याय्य काय हे ठरवायचे तर इंग्लंडचा आजचा कायदा पाहावा, कालचा नव्हे. ज्या जुन्या नियमाला स्वतः इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदे करून मुरड घातली, तो नियम तेवढा उचलायचा आणि त्याला घातलेली मुरड सोडून द्यायची, याला सदसद्विवेक म्हणता येणार नाही. एका इंग्रज मुख्य न्यायाधीशाने इंग्लिश नियमाविषयी नागपुरात बसून हे लिहिले, याचे आम्हाला कौतुक वाटते.

कायदेमंडळाच्या बाजूने हे काम ज्यांनी रेटले त्यांत नारायण मल्हार जोशी यांचे नाव प्रथम घेतले पाहिजे. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे हे गृहस्थ भारत सेवक समाजाचे सदस्य, १९११ साली स्थापन झालेल्या सोशल सर्व्हिस लीगचे व १९२० च्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे संस्थापकांपैकी. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांचे नियुक्त प्रतिनिधी होते. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील मजूर आयोगावरही जोशी होते. त्या आयोगाने १९३१ च्या अहवालात सामायिक नोकरी व धोक्याचा स्वीकार हे दोन्ही बचाव रद्द करावेत अशी शिफारस केली, आणि तिच्यातून १९३८ चा मालकांच्या जबाबदारीचा कायदा आला. त्याचे चौथे कलम सावकाश वाचण्याजोगे आहे. त्याचा आशय असा की, नोकरीतील एखादा धोका मजुराने पत्करला असे मानले जाणार नाही. मालकाने तीन गोष्टी सिद्ध केल्या तरच मानले जाईल. धोका मजुराला पूर्णपणे समजावून सांगितला होता, तो त्याला समजला होता, आणि त्याने तो स्वेच्छेने पत्करला होता. स्मिथच्या खटल्यातले सारे सार या एका वाक्यात आहे.

हे कायदे ब्रिटिश हिंदुस्थानचे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील गिरण्यांतल्या मजुराला ते आपोआप लागू नव्हते. दरबाराने स्वतः कायदा केला तरच. आपल्या पूर्वजांच्या संस्थानी अभिमानाच्या गोष्टी आपण पुष्कळ सांगतो, त्यांत ही बाजूही असू द्यावी.

गंमत अशी की १९५० साली प्रिव्ही कौन्सिलने रेल्वेच्याच एका खटल्यात नागपूरहून उलट मत दिले. सामायिक नोकरीचा सिद्धान्त भारतात लागू होता आणि १९३८ च्या कायद्याने तो कापला तेवढाच कापला गेला, असे त्या निर्णयातून निघाले. इंग्लंडने तो सिद्धान्त दोन वर्षांपूर्वीच पुरला होता. आपल्या संसदेने १९५१ मध्ये ३-अ हे कलम घालून त्याचा येथेही शेवट केला.

येथे एक कबुली देणे आम्हाला भाग आहे. आम्ही शासकीय सेवेत नवीन असताना एका जिल्ह्यातील कालव्याच्या कामावर सुरुंगाचा दगड लागून एका मजुराचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. प्रकरण आमच्या टेबलावर आले. कंत्राटदाराने एक टंकलिखित कागद जोडला होता. मजकूर हिंदीत: मी आपल्या जबाबदारीवर व राजीखुशीने सुरुंगाच्या कामावर येत आहे, इजा झाल्यास माझी वा माझ्या वारसांची काहीही मागणी राहणार नाही. खाली निळा अंगठा, दोन साक्षीदार. आम्ही पदवीधर, भाषा चांगली, टिपण लिहिण्याची हौस. धोका ज्ञात असून तो स्वेच्छेने स्वीकारल्याचे लेखी पुराव्यावरून दिसते, सबब मागणी शिफारसयोग्य वाटत नाही, असे आम्ही लिहून मोकळे झालो. त्या माणसाला आम्ही पाहिलेही नव्हते. चार दिवसांनी टिपण परत आले. वरिष्ठांनी समासात लाल शाईने एवढेच लिहिले होते: 'कलम १७ वाचले का?' १९२३ च्या कायद्याचे हे कलम सांगत होते की भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल आहे. आम्ही ते वाचलेले नव्हते. नवे टिपण गेले, प्रकरण भरपाई आयुक्तांकडे गेले, पुढे रक्कम मिळाली. वरिष्ठांनी आम्हाला बोलावून रागे भरले नाहीत. फक्त विचारले, त्या कागदावर तारीख कोणती आहे ती पाहिलीत का? आम्ही पाहिली. अपघातानंतरच्या दिवसाची होती.

ते वरिष्ठ आज हयात नाहीत. पुढच्या नोकरीत संमतिपत्र म्हटले की आमची नजर आधी तारखेवर जात असे.

हा बचाव सर्वस्वी निकामी झाला असे मात्र नाही, आणि होऊही नये. कुस्तीच्या आखाड्यात उतरलेल्याने हाड मोडले म्हणून दावा लावू नये. १९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे शॅटवेल नावाच्या दोन भावांचा खटला आला. दोघेही सुरुंग उडविणारे, जाणते. आडोशाला जाऊन चाचणी घ्यायची असा नियम होता. त्यासाठी लांब तार हवी होती. ती येईपर्यंत थांबण्याचा त्यांना कंटाळा आला आणि उघड्यावर चाचणी घेताना स्फोट झाला. मालकाची चूक काहीही नव्हती. एका भावाने दुसऱ्याच्या हलगर्जीबद्दल मालकाकडे भरपाई मागितली, ती मिळाली नाही. आमच्या मते हा निकाल योग्यच होता. तेथे नाही म्हणण्याची मुभा होती, इतकेच नव्हे, तर हो म्हणण्याची मनाई होती. दुसऱ्या बाजूला, दिल्लीतील वायुगळतीच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये घातक उद्योगांवर निरपवाद जबाबदारी टाकली. जुन्या इंग्लिश नियमाला जे अपवाद होते, त्यांत पीडिताची संमती हाही एक होता, तो या नव्या नियमाला उरला नाही. भोपाळची रात्र उलटून तेव्हा दोन वर्षे झाली होती.

धोका जाणून उडी घेणाऱ्यांची एक जात मात्र वेगळी आहे. रस्त्यावर घोडे उधळले असताना, पुढे बायका-मुले आहेत हे पाहून एका पोलिसाने त्यांना अडविले व तो जखमी झाला. घोड्यांच्या मालकाने म्हटले, त्याने धोका आपणहून पत्करला. १९३५ साली न्यायालयाने हे ऐकून घेतले नाही. १९५९ चा दुसरा खटला विहिरीचा. उपसा करणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा विषारी वायू विहिरीत साठला होता. दोन मजूर आत बेशुद्ध पडले. एक डॉक्टर आला. अग्निशमन दल येईपर्यंत थांबा, असे लोकांनी सांगितले. तो कमरेला दोर बांधून उतरला. खाली त्यालाही भोवळ आली, आणि वर ओढताना दोर अडकला. तिघेही गेले. कंपनीने डॉक्टरच्या पश्चात लावलेल्या दाव्यात तेच जुने सूत्र पुढे केले. न्यायाधीशांनी ते नाकारले आणि भरपाई देवविली.

विहिरीची ही गोष्ट परदेशातली म्हणून बाजूला ठेवता येत नाही. आपल्या शहरांत गटाराच्या झाकणाखाली एक उतरतो, तो वर येत नाही म्हणून दुसरा उतरतो, मग तिसरा. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरविण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूमागे दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि १९९३ पासूनचे मृत्यू त्यात धरले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख केली. मृताने उतरण्यापूर्वी काही लिहून दिले होते काय, हा प्रश्न त्या आदेशात नाही.